वाडा नक्की कुणाला हवाय?

'माई, मी पुण्याची, नवरा ग्वाल्हेरच्या लश्कर भागातला. त्याला आता कायमचं घरून काम मिळालंय, म्हणून ग्वाल्हेरला परतायचं म्हणतोय. वाड्यात सासू-सासरे दोघंच असतात. मुलगी 9 वर्षांची, मुलगा 5 वर्षांचा. नणंद म्हणते, त्या गावात उरलंय काय? माझी शाळेतली नोकरी सुटेल. मुलाला थंडीत इनहेलर लागतो. काय करू?'

अगं, तुझी नणंद खोटं बोलत नाही. 1956 मध्ये मध्य प्रदेश झाला आणि इथली राजधानी भोपाळला गेली. पुढे नव्वदच्या दशकात जे.सी. मिल ही इथली कापडगिरणी बंद पडली आणि तिच्या भोवतीच्या बिर्लानगर वस्तीची रया गेली. तेव्हापासून इथली शिकलेली मुलं बारावी झाली की दिल्ली नाहीतर पुणं गाठतात. तुझा नवरा त्यातलाच की!

तरी लहान मुलांना हे गाव वाईट नाही. घरात मराठी, गल्लीत हिंदी, दोन्ही आपसूक येतं. आजी-आजोबा हाकेच्या अंतरावर. मुलीला गाण्याची आवड असेल तर 1918 पासूनचं माधव संगीत महाविद्यालय इथेच आहे. दहावीपर्यंत चिंता नको. नंतर ती बाहेर जाईल, हे आत्ताच धरून चाल.

पण इनहेलरचं तू शेवटी, जाता जाता लिहिलंस. मी तिथेच अडले. 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हवेच्या प्रदूषणाची यादी काढली, तेव्हा सूक्ष्म धूलिकणांत ग्वाल्हेर जगात दुसरं होतं. त्याला बरीच वर्षं झाली, पण इथली थंडी अजून धुरकटच असते. नोव्हेंबर ते जानेवारी सकाळी गच्चीवर गेलं की घसा खवखवतो, हे मी स्वतःचं सांगते. गजरा राजा मेडिकल कॉलेज आहे, डॉक्टरांची वानवा नाही. पण डॉक्टर हवा बदलून देत नाहीत.

दुसरं, 'नोकरी सुटेल' हेही एका ओळीत उडवलंस. नवऱ्याचं घरून काम म्हणजे दार लावून आत बसणं. बाहेर सासूबाईंची औषधं, आल्या-गेल्याचा चहा आणि नळाची वेळ कुणाकडे? (तिघरा धरण आटू लागलं की इथे पाणी एक दिवसाआड येतं, आणि ते नेमकं तुझ्या आंघोळीच्या वेळी.) सासऱ्यांना आधार हवा, हे खरंच. तो द्यायचा कुणी, हे मात्र नवऱ्याने तोंडाने सांगायला हवं. मला तर वाटतं, त्याला मुलांसाठी गाव नकोय, स्वतःचं बालपण परत हवंय. त्यात गैर काही नाही. फक्त त्याचं भाडं तू भरू नकोस.

तेव्हा असं कर. मुलाच्या डॉक्टरांना आधी विचार. त्यांनी हो म्हटलं तर उन्हाळ्याच्या सुट्टीत नव्हे, डिसेंबरात मुलांना घेऊन ये. तीन आठवडे तरी राहा. तानसेन समारोह तेव्हाच असतो, मुलीला एक रात्र घेऊन जा. दिवसा इथल्या दोन-चार शाळांत अर्ज देऊन पगार विचार. पुण्याहून कमीच निघेल. किती कमी, ते कळल्यावर नवऱ्यासमोर कागद-पेन घेऊन बसा. मुलाला रात्री किती वेळा खोकला येतो, तेही त्याच कागदावर लिही.

आणि पुण्यातलं घर तोवर सोडायचं नाही. तुझी नोकरीसुद्धा. बिनपगारी रजा मागून बघ.

– माई