घोट्यावरचा टॅटू 24 दिवसांनीही ओलाच

प्रश्न : उजव्या घोट्यावर टॅटू काढून 24 दिवस झाले. मैत्रिणीचा दंडावरचा टॅटू दोन आठवड्यांत बरा झाला, माझ्या खपल्या मात्र अजून ओल्याच आहेत. पेट्रोलियम जेली दिवसातून पाच-सहा वेळा लावते, रात्री वरून प्लास्टिक गुंडाळते. आई म्हणते हळद लाव. मेडिकलमधून एक ट्यूबही आणली आहे. काय चुकतंय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आधी दंडाशी तुलना सोडा. घोट्यावर कातडी हाडालाच लागून असते, दिवसभर पाय खाली राहून तिथे सूज उतरते, त्यात चपलेचा पट्टा घासतो. तिथे तीन-चार आठवडे लागतातच. पण 24व्या दिवशी ओल टिकून आहे, तेव्हा आमचा पहिला संशय जेलीवर.

सुई 1 ते 2 मिलिमीटर खोल जाऊन त्वचेच्या दुसऱ्या थरात शाई सोडते. वरच्या थराची चाळणी झालेली असते. त्याला किंचित ओलावा हवा, चिखल नको. जाड जेली आणि वर प्लास्टिक म्हणजे घाम आतच कोंडणार. खपली भिजून फुगते, अवेळी सुटते आणि जाताना थोडी शाईही घेऊन जाते.

प्लास्टिक आजपासून बंद. दिवसातून दोनदा, आधी हात धुऊन, कोमट पाणी आणि बिनवासाचा सौम्य साबण वापरून बोटांनीच हलके धुवा. टॉवेल नको, टिश्यू पेपरने टिपा आणि दहा मिनिटं उघडं ठेवा. ओल्या भागाला काहीच लावू नका. कोरड्या, ताणलेल्या भागावर बिनवासाचं मॉइश्चरायझर; तळहाताएवढ्या टॅटूला वाटाण्याएवढं पुष्कळ झालं. लावल्यावर चकाकलं, तर जास्त झालं. संध्याकाळी पाय उशीवर घेऊन बसा. खपली नखाने काढू नका, पोहणंही तूर्त नको.

आईंची हळद वरणात राहू द्या. डब्यातली हळद निर्जंतुक नसते, तिचे कण खपलीत रुततात, काहींना तिची ॲलर्जीही येते. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन दिसलं तर ती बाजूला ठेवा. ही स्टेरॉइडं. लाली उतरते, म्हणून गुण आल्यासारखं वाटतं. पण नवी कातडी धरायला उशीर होतो आणि खाली जंतूंचं फावतं. निओमायसिन या अँटिबायोटिकने काहींना खाजरं पुरळ उठतं.

आठवड्याभरात ओल हटली नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि रक्तातली साखरही तपासून घ्या. लाली पसरत असेल, पू किंवा ताप असेल, तर त्याच दिवशी जा. फक्त करड्या छटेच्या भागातच बारीक लाल पुटकुळ्या आल्या, तर हे आवर्जून सांगा. करडी छटा काळी शाई पातळ करून आणतात; त्याला निर्जंतुक नसलेलं पाणी वापरलं की क्षयाच्या जंतूंचे भाऊबंद आत जातात. नेहमीच्या अँटिबायोटिकला ते दाद देत नाहीत, निदानाला कातडीचा तुकडा तपासावा लागतो. फक्त लाल रंगाचाच भाग उंचवटून खाजत असेल, तर बहुधा शाईची ॲलर्जी.

प्रश्न : खपल्या पडल्या, पण टॅटू दुधाळ, फिका दिसतो. लगेच टचअप करू का?

उत्तर : नको. नव्या कातडीचा तो पातळ पडदा आहे, हळूहळू विरळ होतो. निदान दोन महिने थांबा; उन्हात जाताना तोवर कपड्याने झाका. रक्तदान करत असाल, तर टॅटूनंतर 12 महिने थांबावं लागतं, आणि टचअपलाही सुई लागतेच.