‘आमचे पूर्वज मिसळून गेले, मग आताचे स्थलांतरित का मिसळत नाहीत?’ हा अमेरिकेतला युक्तिवाद कितपत खरा आहे?

नव्या देशात गेल्यावर तिथली भाषा शिकावी, कायदे पाळावेत, यात मला काही वावगं वाटत नाही. न शिकणाऱ्याचंच अडतं. माझी हरकत आहे ती ‘आमचे पूर्वज मिसळून गेले’ या वाक्याला.

टेक्सासचंच बघा. मेक्सिकोतून येणाऱ्यांच्या मुद्द्यावर जिथे आज निवडणुका लढवल्या जातात, तो मुलूख १८२१ पासून मेक्सिकोचाच होता आणि बाहेरून येणारे होते अमेरिकन. वस्ती विरळ म्हणून मेक्सिकोने त्यांना रीतसर बोलावलं, एकेका कुटुंबाला चार हजार एकरांहून जास्त जमीन नाममात्र खर्चात दिली. अटी साध्या होत्या: मेक्सिकोचं नागरिकत्व घ्या आणि कॅथलिक व्हा. लोकांनी कागदावर होकार दिला आणि घरात आपलं तेच चालू ठेवलं. १८२८ मध्ये मिएर इ तेरान हा मेक्सिकन अधिकारी पाहणीला गेला. त्याने कळवलं की सान अँटोनियोपासून पूर्वेकडे जावं तसा मेक्सिकोचा प्रभाव ओसरत जातो आणि नॅकोग्डोचेसला पोहोचेपर्यंत जवळजवळ उरतच नाही. १८२९ मध्ये मेक्सिकोने गुलामगिरी रद्द केली. टेक्सासला त्यातून सूट मिळवली गेली, शिवाय ९९ वर्षांचा ‘करारी नोकर’ दाखवून गुलाम बाळगण्याची युक्तीही चालत होती. शेवटी ६ एप्रिल १८३० च्या कायद्याने मेक्सिकोने अमेरिकेतून येणाऱ्यांना बंदी घातली, तरी लोक चोरून येतच राहिले. ओसरी दिली आणि पाय पसरले, ते इतके की १८३६ मध्ये वेगळा देश झाला आणि त्याच्या राज्यघटनेत गुलामगिरी कायदेशीर ठरली.

जर्मनांचं उदाहरण तर हमखास दिलं जातं, ‘बघा कसे मिसळले’ म्हणून. १७५१ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन यांची तक्रार नेमकी उलटी होती: हे लोक इंग्रज होण्याऐवजी आपल्यालाच जर्मन करून टाकतील. तो त्यांना सावळेही म्हणतो, हे आज वाचताना गंमत वाटते. पुढे दीडशेहून जास्त वर्षं अमेरिकेत जर्मन शाळा, जर्मन वर्तमानपत्रं, जर्मन चर्च व्यवस्थित चालू होती. पहिल्या महायुद्धात जर्मनद्वेष उसळला, तेव्हा मात्र झपाट्याने सगळं आटलं. नेब्रास्का राज्यात १९१९ च्या कायद्याने लहान मुलांना परकी भाषा शिकवणं गुन्हा ठरवला आणि रॉबर्ट मायर या शिक्षकाला दहा वर्षांच्या मुलाला जर्मन वाचायला शिकवल्याबद्दल २५ डॉलर दंड झाला. म्हणजे ‘मिसळणं’ म्हणून ज्याचं कौतुक होतं, त्यात धाकाचा वाटा बराच मोठा होता.

मायरची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये रद्द केली. त्याच वर्षी त्याच न्यायालयापुढे भगतसिंग थिंद यांचा खटला होता. अमेरिकेत शिकायला आलेले, अमेरिकी सैन्यात राहिलेले, नागरिकत्वासाठी धडपडणारे शीख गृहस्थ. मिसळायला याहून जास्त काय करायचं? न्यायालयाने सांगितलं की सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे तुम्ही ‘गोरे’ नाही, सबब नागरिकत्व नाही. (ग्रीन कार्ड हातात पडताच नव्याने येणाऱ्यांवर चिडणारे आपले काही देशबांधव आहेत, त्यांनी हा निकाल जरूर वाचावा.) भारतीयांना नागरिकत्वाचा रस्ता खुला झाला तो १९४६ मध्ये, आणि तेव्हाही येण्याचा कोटा वर्षाला सुमारे १०० जणांचा.

मूळ रहिवाशांशी गोरे वसाहतवाले किती मिसळले, हे विचारायलाच नको. उलट १८७९ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या कार्लाईल इथे निवासी शाळा काढून त्यांच्याच मुलांचे केस कापले, नावं बदलली, मातृभाषा बोलायला बंदी केली.

तेव्हा कुणी तुम्हाला हा युक्तिवाद ऐकवला तर इंग्रजी शिकण्याच्या मुद्द्यावर वाद घालत बसू नका, तो मान्य करून टाका. फक्त त्यांचे पूर्वज कोणत्या साली आले, कुठे उतरले आणि तेव्हा तिथे कुणाचं राज्य होतं, एवढं विचारा.