संगणकाने धोका दाखवला नाही, म्हणजे औषध निर्धोक का?

प्रश्न : दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे आणि मी नाशिकला रसायनशास्त्रात एम.एस्सी. करीत आहे. रेणूची रचना पाहून विषारीपणाचा अंदाज देणाऱ्या संगणकीय तज्ज्ञ प्रणाली असतात, असे शिकले. ऑक्टोबर छाटणीनंतर पेस्टिंगसाठी (म्हणजे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला औषध लावण्यासाठी) आम्ही हायड्रोजन सायनामाइड वापरतो. ते अशा प्रणालीत तपासून वडिलांना खात्री देता येईल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तपासता येईल, खात्री मात्र देऊ नका. तज्ज्ञ प्रणाली म्हणजे विषशास्त्रज्ञांच्या अनुभवातून लिहिलेल्या नियमांचा संग्रह. रेणूत इपॉक्साइड, अ‍ॅरोमॅटिक अमाइन किंवा नायट्रो यांसारखा अणूंचा गट आढळला, की तो डीएनएला इजा करू शकतो, असा इशारा ती देते आणि त्यामागचे कारणही दाखवते. हे कारण दाखवणे मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण त्यामुळे इशारा पटतो की नाही, हे माणसाला स्वतः ताडून पाहता येते. यांपैकी ‘डेरेक’ ही जुनी प्रणाली १९८०च्या दशकात इंग्लंडमधील एका शेतीरसायन कंपनीतच आकाराला आली.

इशारा न मिळण्याचा अर्थ मात्र विचारलेल्या प्रश्नापुरताच असतो. माणसांच्या औषधांमधील अशुद्धींसाठी २०१४मध्ये आलेल्या ‘आयसीएच एम७’ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनेनुसार नियमांवर आधारलेली एक आणि संख्याशास्त्रीय अशी दुसरी, अशा दोन पद्धतींनी रेणू तपासतात आणि दोन्हींत इशारा नसेल तर ती अशुद्धी उत्परिवर्तक (जनुकांत बदल घडवणारी) नाही असे मानतात. म्हणजे तिथेही उत्तर मिळते ते केवळ जनुकीय बदलांविषयी. यकृत, त्वचा किंवा श्वसन यांविषयी नव्हे.

तुमच्या बागेतले उदाहरणच पाहा. हायड्रोजन सायनामाइडचा रेणू अगदी लहान आहे, पण शरीरात गेल्यावर तो मद्यापासून तयार होणाऱ्या अ‍ॅसिटाल्डिहाइडचे विघटन करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अडवतो. त्यामुळे पेस्टिंग करणाऱ्याने आदल्या दिवशी किंवा नंतर मद्य घेतले, तर चेहरा लाल होणे, धडधड, धाप लागणे, रक्तदाब उतरणे असा गंभीर त्रास होऊ शकतो. डीएनएविषयीचे नियम कितीही काटेकोर असले, तरी हा धोका त्यांच्या कक्षेत येत नाही. शिवाय अशा प्रणाली सहसा एकेका रेणूचा विचार करतात, तर फवारणीच्या टाकीत दोन-तीन औषधे आणि स्टिकर (औषध पानांना चिकटून राहावे म्हणून घालायचे द्रव्य) एकत्र असतात. औषध अंगावर किती सांडले, हातमोजे फाटके होते का, याची त्यांना कल्पना नसते.

अभ्यासासाठी ‘ओईसीडी’ या आंतरराष्ट्रीय संघटनेची क्यूसार टूलबॉक्स (रेणूच्या रचनेवरून गुणधर्मांचा अंदाज बांधणारी संगणक प्रणाली) विनामूल्य मिळते, ती जरूर वापरा. वडिलांना मात्र डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग दाखवा (लाल सर्वाधिक विषारी, त्यानंतर पिवळा, निळा, हिरवा), सोबतचे माहितीपत्रक वाचून दाखवा आणि पेस्टिंगच्या आधीचे व नंतरचे काही दिवस मजुरांपैकी कोणीही मद्य घेऊ नये, हे काम सुरू होण्यापूर्वीच सर्वांना स्पष्ट सांगायला लावा.