निवृत्त सैनिक असलेल्या मामांनी घडवलेली स्केल मॉडेल्स संग्रहालयाला द्यावीत का?

आपण विचारले आहे की, लष्करातून निवृत्त झालेल्या आपल्या मामांनी हयातभर घडवलेले रणगाडे आणि विमाने त्यांच्या पश्चात घरात पडून आहेत. नातेवाइकांच्या मते ती सगळी एकत्र एखाद्या संस्थेला द्यावीत आणि तेच मामांचे स्मारक समजावे. तर हे योग्य होईल का? माझ्या मते होणार नाही. मामांचे मित्र शोधावेत आणि जे मॉडेल ज्याच्यासाठी केले, ते त्याला द्यावे.

हे मी इतक्या ठामपणे लिहितो, कारण हाच वाद आमच्याकडे झालेला आहे. खडकीला राहणाऱ्या एका सुभेदारसाहेबांच्या घरी आम्ही काही मंडळी रविवारी सकाळी जमत असू. साहेब ई.एम.ई.चे, म्हणजे बंद पडलेला किंवा रुतलेला रणगाडा ओढून आणायचा आणि पुन्हा लढण्याजोगा करून परत पाठवायचा, हे ज्यांचे काम त्या शाखेचे. १९७१च्या डिसेंबरात ते शकरगड आघाडीवर सेंच्युरियन रणगाड्यांच्या एका रेजिमेंटबरोबर होते. बसंतरची लढाई, पूना हॉर्स ही रणगाड्यांची रेजिमेंट आणि १६ डिसेंबरला वयाच्या अवघ्या २१व्या वर्षी धारातीर्थी पडलेले, जन्माने पुण्याचेच असलेले अरुण खेत्रपाल यांच्याविषयी पुण्यात कोणाला नव्याने सांगण्याची गरज नाही. साहेबांना त्या दिवसांबद्दल विचारले, तर ते सुरुंगाने तुटलेल्या ट्रॅकबद्दल, म्हणजे चाकांभोवतीच्या लोखंडी पट्ट्याबद्दल, रात्री दिवा न लावता पिन बसवण्याबद्दल आणि थंडीत हाताला चिकटणाऱ्या लोखंडाबद्दल बोलत. पराक्रमाच्या गोष्टी ऐकायला आलेला पाहुणा पुन्हा सहसा येत नसे, आणि त्याचे साहेबांना काही वाटतही नसे.

सेंच्युरियन १:३५ प्रमाणात केला, की त्याचा सांगाडा जेमतेम वीतभर लांबीचा होतो. बहुतेक लोक अशा किटची, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांच्या पेटीची, सुरुवात चाकांपासून किंवा बुरुजापासून करतात. साहेब सर्वांत आधी ओढण्याची केबल करीत. जळालेल्या मोटरच्या वाइंडिंगमधली तांब्याची बारीक तार ते काढून ठेवत, तिचे पदर हँड ड्रिलच्या तोंडात धरून पीळ देत, टोकाला फासा करीत आणि मग काळपट रंगाचा एक हात देऊन ती केबल वर्तमानपत्रावर वाळत घालत. किटमधली प्लॅस्टिकची केबल ते बघतही नसत. "ओढायची सोय आधी, गाडी नंतर," एवढेच त्यांचे स्पष्टीकरण असे. बुरुजामागची ताडपत्री पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये भिजवलेल्या टिश्यू पेपरची असे, आणि अँटेना मेणबत्तीवर तापवून केसाइतक्या बारीक ओढलेल्या स्प्रूची, म्हणजे किटचे भाग ज्याला जोडलेले येतात त्या प्लॅस्टिकच्या दांडीची.

ही मॉडेल्स ते स्वतःसाठी करीत नसत, हा माझा मुख्य मुद्दा आहे. प्रत्येक मॉडेल कोणासाठी आहे, हे किट उघडण्याआधीच ठरलेले असे.

आमच्यात वायुसेनेतून सार्जंट म्हणून निवृत्त झालेले एक ज्येष्ठ गृहस्थ होते. त्यांची उमेदीची वर्षे नॅट विमानांच्या देखभालीत गेली होती. श्रीनगरच्या आकाशात १४ डिसेंबर १९७१ रोजी निर्मलजितसिंग सेखों ज्या विमानातून एकटे लढले, तेच हे चिमुकले विमान. त्याचे किट साहेबांना कोणीतरी परदेशातून आणून दिले, परंतु ते निघाले ब्रिटिश वायुसेनेच्या दोन आसनी प्रशिक्षण विमानाचे. आपल्याकडचे लढाऊ नॅट एका आसनाचे आणि त्याहून लहान. १:७२ प्रमाणात धरले तर लांबीत सुमारे १३ मिलिमीटर आणि पंखांच्या विस्तारात सुमारे ८ मिलिमीटर कमी. दुसऱ्या कोणी पेटीवरचे चित्र बघून ते तसेच जोडले असते. साहेबांनी करवतीच्या पात्याने विमानाचे धड कापले, नाकाचा भाग पुट्टीने नव्याने घडवला, पंखांची टोके घासून आत घेतली आणि कॅनॉपी, म्हणजे वैमानिकावरचे पारदर्शक झाकण, तापवलेल्या पारदर्शक प्लॅस्टिकमधून ओढून काढली. त्यातच पावसाळा लागला. दमट हवेत लॅकर मारले की त्यावर पांढरट झाक येते. त्यामुळे रंगाचे काम कोरड्या दिवसाची वाट बघत थांबले. शिवाय चंदेरी रंग सांध्यावरची पुसटशी रेघसुद्धा लपवत नाही. योग्य मापाची डेकल, म्हणजे चिकटवायची छापील चिन्हे, मिळाली नाहीत, तेव्हा साहेबांनी कंपासला पाते लावून मास्किंग टेपच्या चकत्या कापल्या आणि बाहेर केशरी, मध्ये पांढरे, आत हिरवे अशी वर्तुळे हाताने रंगवली.

विमान दाखवले, तेव्हा सार्जंटांनी वर्तुळांकडे किंवा रंगाकडे न बघता ते उलटे केले आणि पोट तपासले. "सुभेदारसाहेब, हे उडतंय की उतरतंय?" त्यांनी विचारले. नॅटला वेगळे एअरब्रेक नव्हते. वेग कमी करण्यासाठी चाके अर्धवट खाली सोडत, आणि चाकांसह त्यांच्या झडपा वाऱ्याला अडवत. हे सार्जंटांच्या बोटांना ठाऊक होते. पुढच्या रविवारी साहेबांनी जागेवर बसवलेली चाके उपटून ती अर्धी खाली आणली आणि विमान पितळी तारेच्या उभ्या दांडीवर, वळण घेताना तिरके झालेले असे बसवले. सार्जंटांच्या दिवाणखान्यात आलेला प्रत्येक पाहुणा विचारी, "चाकं मोडली का हो?" आणि सार्जंट त्याला पूर्ण अर्धा तास एअरब्रेक समजावून सांगत. विमान त्यांना दिले होते ते यासाठीच.

साहेब गेले. आमच्यातले एक निवृत्त प्राध्यापक, ज्यांना कोणत्याही विषयाची समिती स्थापन केल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांनी 'संग्रह अखंड राहिला पाहिजे' असा आग्रह धरला. ज्यांना साहेबांनी मॉडेल्स भेट दिली होती, त्यांच्याकडूनही ती गोळा करण्यात आली. सार्जंट भिडस्त माणूस. त्यांनी नॅट देऊन टाकले. मी माझा सेंच्युरियन दिला नाही. त्याबद्दल 'व्यक्तिगत मोहापायी सामूहिक स्मृतीला बाधा आणणारे' असे माझे वर्णन शोकसभेतच करण्यात आले. संग्रह एका शाळेच्या सभागृहात काचेच्या कपाटात गेला. उद्घाटन झाले, नारळ फुटला, भाषणे झाली.

पुढे मी तिथे गेलो, तेव्हा कपाट पश्चिमेच्या खिडकीसमोर होते आणि उन्हाने डेकल फिकी पडली होती. दोन रणगाड्यांच्या तोफा निखळून तळाशी पडल्या होत्या, कारण मॉडेल उचलताना अडाणी माणूस नेमकी तोफच धरतो. नॅटची मात्र कोणीतरी आस्थेने 'दुरुस्ती' केली होती. पितळी दांडी काढून टाकून, चाके पूर्ण खाली ओढून, झटपट चिकटणाऱ्या गोंदाने पक्की केली होती, आणि त्या गोंदाच्या वाफेने कॅनॉपी आतून पांढरी झाली होती. खाली चिठ्ठी होती, 'लढाऊ विमान'. ज्याने हे केले त्याला मी दोष देत नाही. त्याला सांगायला तिथे कोणी नव्हते, आणि सांगू शकणारा माणूस चार किलोमीटरवर रिकाम्या टेबलाकडे बघत बसला होता.

म्हणून आपल्याला सांगतो, आधी मॉडेल्सचे तळ बघावेत. पुष्कळदा तिथे नाव, तारीख किंवा एखादी आद्याक्षरे असतात. मामांच्या फोनमधली आणि जुन्या डायरीतली नावे काढून त्या लोकांना घरी बोलवावे, आणि कोणते मॉडेल का केले, हे त्यांच्या तोंडून ऐकून लिहून ठेवावे. तोपर्यंत धूळ मऊ कुंचल्याने झटकावी, ओले फडके लावू नये, ऊन लागू देऊ नये. संग्रहालयांविषयी म्हणाल, तर खरे रणगाडे बघायला अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय आहे. तिथे मूळ गाडी उभी असताना आपल्या वीतभर प्रतिकृतीची कोणाला गरज असेल, असे मला वाटत नाही.

अर्थात, कोथरूडचे जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८पासून चालू आहे आणि उत्तम चालू आहे, हे मान्य करायला हवे. परंतु तिथे घडवणाऱ्याच्याच घरच्यांनी ते चालवले आहे, म्हणजे मुद्दा माझाच ठरतो. तसेच, आपल्या मामांनी सगळे एकट्याने आणि स्वतःसाठीच केले असेल, मित्र कोणी उरले नसतील, तर माझा सल्ला लागू पडत नाही. तेव्हा घरातच कपाट करावे, आणि संस्थेला देणे भागच पडले तर कपाटाची जबाबदारी कोणा एका माणसाच्या नावावर लेखी घ्यावी.

हे उत्तर आमच्या प्राध्यापक महोदयांच्या वाचनात आले, तर त्यांनी शाळेच्या कपाटाची किल्ली सध्या कोणाकडे आहे, एवढे कळवावे. सार्जंटांचे नॅट मी दुरुस्त करून त्यांना परत नेऊन देणार आहे, आणि त्यासाठी समितीच्या ठरावाची वाट बघण्याचा माझा विचार नाही.