हॉलमधला गेमिंग पीसी: बोनस, कार्डची बाकी आणि मेव्हण्यांचं ग्राफिक्स कार्ड

तुमचा मेल वाचला. थोडक्यात परिस्थिती अशी दिसतेय: एका महिन्याच्या पगाराएवढा बोनस येतोय, त्यातून हॉलमधल्या ४के टीव्हीला जोडायला गेमिंग पीसी बनवायचाय, आणि पार्ट्सच्या यादीची बेरीज बरोब्बर तेवढीच येतेय. क्रेडिट कार्डवर बोनसच्या साधारण एक तृतीयांश बाकी अजून आहे, अडीअडचणीचा फंड दोन महिन्यांचा. बायको म्हणतायत सरळ कन्सोल घ्या. मित्र म्हणतो एकदाच तगडं ग्राफिक्स कार्ड घे, पाच वर्षं बघायला नको. मेव्हणे त्यांचं वापरलेलं ग्राफिक्स कार्ड, आरटीएक्स ३०६० टीआय, विकायला तयार आहेत. आणि टेबलाखाली एक जुना ऑफिसचा टॉवर धूळ खातोय, इंटेलचा सातव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम. प्रश्न एवढाच विचारलाय की बोनसमधून घेऊ का बारा हप्त्यांत.

दोन्ही नको. पीसी घ्या, त्याला माझा विरोध अजिबात नाही, पण सहा-सात महिन्यांनी घ्या आणि त्या टॉवरला एवढ्यात भंगारात काढू नका, तुमच्या यादीतली भाव सगळ्यात भडकलेली वस्तू, म्हणजे रॅम, बहुतेक त्याच्यातच बसलीय.

आधी पैशाचं. पार्ट्सचे भाव सारखे हलत असतात म्हणून बोनस म्हणजे १०० भाग धरू. कार्डची बाकी झाली ३५. कार्डाचं व्याज महिना ३ टक्के धरलं तर चक्रवाढीने वर्षाला ४२-४३ टक्के होतं, म्हणजे ती ३५ ची बाकी तशीच फिरवत ठेवून बोनस पीसीत घातलात तर वर्षाने ती ५० च्या आसपास जाते. वरचे १५ भाग म्हणजे तुमच्या यादीतला अख्खा प्रोसेसर. मधेमधे थोडं भरत राहिलात तर कमी जाईल, पण जाणार हे नक्की. हौसेला मोल नसतं म्हणतात, कार्ड कंपनी मात्र महिन्याच्या महिन्याला लावते. त्यामुळे बोनस आला की पहिले ३५ तिकडे, चर्चा नाही. उरलेल्या ६५ मधले ३० अडीअडचणीच्या फंडात टाका (दोन महिने म्हणजे फारच काठावर आहे, तीनपर्यंत तरी न्यायलाच हवा), आणि ३५ पीसीच्या नावाने बाजूला.

आता हप्त्यांचं. बारा हप्त्यांत घेतला असतात तर महिन्याला ९-१० भाग गेलेच असते ना? मग तेच १० दर महिन्याला स्वतःच्या वेगळ्या खात्यात टाका, साडेसहा महिन्यांत १०० पूर्ण. तोच हप्ता, फक्त व्याज नाही, प्रोसेसिंग फी नाही, आणि चौथ्या महिन्यात घरात काही निघालं तर थांबायची मोकळीक आहे. हप्त्यावर घेतलेल्या पीसीला तसं थांबवता येत नाही.

"पण तोपर्यंत भाव वाढले तर?" हे तुम्ही विचारणार. रॅमच्या बाबतीत भीती खरी आहे, २०२५ च्या शेवटाकडे एआय डेटा सेंटर्सच्या मागणीमुळे रॅमचे भाव चांगलेच भडकले. म्हणूनच तो टॉवर. सातव्या पिढीच्या बऱ्याचशा ऑफिस टॉवरमधे डीडीआर४ प्रकारची रॅम असते आणि एएमडी कंपनीच्या एएम४ सॉकेटच्या (प्रोसेसर बसवायची जागा) मदरबोर्डांनाही डीडीआर४ च लागते. साइडचं झाकण काढा, पट्टीवरचं स्टिकर वाचा. डीडीआर४ लिहिलेलं असेल, पट्ट्या पूर्ण लांबीच्या असतील (अगदी छोट्या डब्यासारख्या मॉडेलमधे लॅपटॉपवाली आखूड रॅम असते, ती इथे बसत नाही) आणि ८-८ च्या दोन असतील, तर तुमचं रॅमचं काम फुकटात झालं. वेग बहुतेक २४०० असेल, एएमडीच्या रायझन प्रोसेसरला ३२०० आवडते, गेममधे थोडे फ्रेम कमी पडतील, पण आत्ताच्या भावात त्या थोड्याशा फ्रेमसाठी नवीन रॅम घेणं मला तरी परवडणारं वाटत नाही. ग्राफिक्स कार्डांचं म्हणाल तर ते दोन्हीकडे जाऊ शकतात. २०२१ मधे टंचाई आणि क्रिप्टो मायनिंगमुळे (कार्डांवर गणितं चालवून इथेरियमसारखं आभासी चलन मिळवणं) कार्डांना सोन्याचा भाव होता, सप्टेंबर २०२२ मधे इथेरियमने मायनिंगच बंद केलं, आणि घाबरून आदल्या वर्षी घेतलेल्यांना नंतरचे भाव बघून हळहळावं लागलं. भीतीने घाई करायचं कारण नाही.

मधल्या सहा महिन्यांत काय करायचं? एक चांगला वायरलेस कंट्रोलर घ्या, एवढीच पहिली खरेदी, आणि तो जुना टॉवर आहे तसाच टीव्हीला जोडा. त्याच्यातल्या इंटेल एचडी ६३० ग्राफिक्सवर मोठे गेम चालणार नाहीत, पण छोटे टूडी गेम, जुने गेम, दोघांनी मिळून खेळायचे हलकेफुलके गेम १०८०पी ला (फुल एचडी) चालतात. स्टीममधे (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) टीव्हीसाठीचा बिग पिक्चर मोड चालू केला की सोफ्यावरून कंट्रोलरने सगळं होतं. यात खर्च जवळपास शून्य आणि कळतं काय, तर घरात खरंच किती खेळलं जातं. रोज रात्री कोणीतरी सोफ्यावर कंट्रोलर घेऊन बसलेलं दिसतंय का पहिले पंधरा दिवस उत्साह आणि मग पुन्हा सिरियल? माझ्याकडे येणाऱ्या हौसेच्या खर्चांपैकी पुष्कळ याच चाचणीत गळतात, आणि जे टिकतात त्यांच्यावर मग मी निर्धास्त खर्च करू देतो.

एक लक्षात ठेवा, या टॉवरलाच नवीन कार्ड घालून काम भागवू असा मोह होईल. नको. सातव्या पिढीच्या आय-५ ला चारच कोअर असतात, विंडोज ११ च्या अधिकृत यादीत ती पिढी नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वर ऑफिस टॉवरचा पॉवर सप्लाय बेताच्या वॅटचा, कनेक्टर बरेचदा कंपनीचे स्वतःचे. मेव्हण्यांचं कार्ड एकटंच २०० वॅट ओढतं, ते यात घालायचा प्रयत्नसुद्धा करू नका.

आता मित्राचा सल्ला, कारण तुमच्या मेलमधे सगळ्यात जास्त ओळी त्याच्यावरच आहेत. "पाच वर्षं बघायला नको" हे काही पार्ट्सना लागू पडतं, काहींना नाही, आणि तो नेमका चुकीच्या पार्टला लावतोय. ग्राफिक्स कार्ड हा असा पार्ट आहे की ज्यात भविष्य आगाऊ विकत घेणं सगळ्यात महाग पडतं. २०१६ चं जीटीएक्स १०८० घ्या, त्या वेळचं एकदम वरच्या फळीतलं कार्ड. जानेवारी २०१९ मधे आलेल्या आरटीएक्स २०६० ने त्याला बहुतेक गेममधे जवळपास गाठलं, लाँचच्या किमतीत बघाल तर साधारण ५८ टक्क्यांत, आणि वर डीएलएसएस (कमी पिक्सेलचं चित्र एआयने मोठं करणं) आणि रे ट्रेसिंगसाठीचं (खऱ्यासारखा प्रकाश दाखवणं) खास हार्डवेअर मिळालं जे जीटीएक्स १०८० ला कधीच मिळणार नव्हतं. (मेमरी मात्र ८ च्या जागी ६ जीबी, हेही सांगायला हवं. आणि अलीकडे पिढीगणिक उडी तेवढी मोठी राहिलेली नाही, ३०६० वरून ४०६० ला गेलेले लोक फार काही नाचले नाहीत.) तरी हिशोब तोच राहतो: मित्राचं कार्ड ७५ भागांचं, मधल्या फळीतलं ३६ भागांचं. फरकाचे ३९ भाग खात्यात राहू द्या. तीन वर्षांनी लागलं तर त्यात त्या वेळचं मधलं कार्ड येईल, नव्या वॉरंटीसकट, आणि जुनं विकून थोडे सुटतील. आणि नाही लागलं तर पैसे तुमचेच. आत्ता कार्डात घातलेत तर ही निवडच राहत नाही.

उलट बोर्ड, पॉवर सप्लाय आणि कॅबिनेट यात भविष्य स्वस्तात मिळतं. २०१८ मधे ज्यांनी बी४५० बोर्डवर रायझन ५ २६०० बसवला त्यांना २०२२ मधे फक्त बायॉस (बोर्डचं अंगभूत सॉफ्टवेअर) अपडेट करून त्याच बोर्डवर ५८००एक्स३डी घालता आला, त्या काळातला गेमिंगचा जवळजवळ सगळ्यात वेगवान प्रोसेसर. तसंच तुम्ही आज बी५५० वर रायझन ५ ५६०० ने सुरुवात केलीत तर पुढे वर जायला जागा आहे. एएम५ सॉकेट २०२२ चं, नवीन आहे, त्याचं आयुष्य पुढे लांब आहे, पण त्याला डीडीआर५ च लागते आणि मग तुमची फुकटची रॅम बाद. हातात रॅम नसती तर मी कदाचित एएम५ म्हटलं असतं, आत्ता नाही.

पॉवर सप्लायमधे कंजूसपणा करू नका, ६५० वॅटचा नावाजलेल्या कंपनीचा घ्या. ८० प्लस ब्रॉन्झ हा शिक्का वीज किती वाया जाते तेवढंच सांगतो, आतला माल कसा आहे ते सांगत नाही, म्हणून वॉरंटी किती वर्षांची ते बघा. हाच डबा पुढच्या पीसीतही जाईल.

तुमची यादी मी अशी बसवेन: ग्राफिक्स कार्डाला ३६, प्रोसेसरला १४, बोर्डला १२, १ टीबी एनव्हीएमई एसएसडीला १०, पॉवर सप्लायला ८, कॅबिनेटला ५, म्हणजे ८५. तुम्ही रॅमला जे ठेवले होते ते तुमच्या यादीत नसलेल्या गोष्टींना जातील, कारण त्यात ना कंट्रोलर होता ना विंडोजचं लायसन्स ना वायफायचं काही. कंपनीच्या तयार पीसीबरोबर आलेलं विंडोज सहसा त्याच मशीनला बांधलेलं असतं, नव्या बोर्डवर ते चालेल हे गृहीत धरू नका. फुकटचा मार्ग आहे, हॉलच्या पीसीला लिनक्सवर आधारलेलं बझाइट टाकलं की अगदी कन्सोलसारखं वाटतं, फक्त फोर्टनाइट आणि व्हॅलोरंटसारखे कडक अँटी-चीटवाले (लबाडी रोखणाऱ्या सॉफ्टवेअरचे) गेम त्यावर चालत नाहीत. तुमच्या मुलाला आधी विचारा तो काय खेळणार आहे, नाहीतर सगळं जोडून झाल्यावर रडारड होईल.

टीव्ही ४के आहे म्हणून गेम ४के ला चालवायचा हट्ट सोडा, खर्च तिथेच दुप्पट होतो. ४के मधे १०८०पी च्या बरोब्बर चौपट पिक्सेल असतात. सोफ्यावरून, कंट्रोलर हातात घेऊन, १०८०पी किंवा १४४०पी ला चालवून एफएसआर किंवा डीएलएसएसने वर ताणलेलं चित्र बहुतेकांना पुरेसं वाटतं. कार्डाच्या मेमरीत मात्र जमलं तर ८ च्या वर जा, काही नवे गेम आता १०८०पी लाही ८ जीबी भरून टाकतात. विजेची काळजी फार नको: ३०० वॅट, रोज २ तास, महिन्याला १८ युनिट.

बायकोचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. कन्सोल घेतला की विषय संपला, आवाज कमी, विंडोजची कटकट नाही, आणि डिस्कवाला घेतलात तर खेळून झालेला गेम विकता येतो, पीसीवर विकत घेतलेला गेम असा विकता येत नाही. पण फ्री-टू-प्ले सोडले तर ऑनलाइन खेळायला दर महिन्याची वर्गणी लागते, ती पाच वर्षांची बेरीज करून बघा, मग कन्सोल तेवढा स्वस्त दिसत नाही. शिवाय जुना झाला की कन्सोल स्वस्त होतो हा नियमही या पिढीत उलटा फिरला, २०२५ मधे सोनी आणि मायक्रोसॉफ्ट दोघांनीही भाव वाढवले. घरात वर्षाला दोन-तीनच मोठे गेम खेळले जाणार असतील आणि पीसीचं दुसरं काही कामच नसेल, तर मी तुमच्या बायकोच्या बाजूने आहे. मुलाच्या शाळेच्या कामालाही तोच पीसी वापरणार असाल तर तुमच्या. हे त्या सहा महिन्यांत आपोआप कळेल.

राहिलं मेव्हण्यांचं कार्ड. ३०६० टीआय तुमच्या कामाला पुरेसं आहे, बऱ्याच गेममधे ४०६० च्या बरोबरीचं किंवा थोडं पुढे, फक्त ११५ च्या जागी २०० वॅट खातं आणि मेमरी ८ जीबीच. भाव नीट मिळाला तर हा एकच पार्ट मी आधी घेऊ देईन, कारण त्याची वॉरंटी बहुतेक आधीच संपलेली असेल, आणि अशा वस्तूला कपाटात पडून राहण्यात काही तोटा नाही. नवे पार्ट्स आधी घेऊन ठेवलेत तर त्यांची वॉरंटी नुसती जळत राहते. पण तपासणी त्यांच्या घरी, त्यांच्याच पीसीवर: अर्धा तास एखादा जड गेम सलग, तापमान स्क्रीनवर लावून, पंख्यांचा खरखर आवाज येतोय का ऐका, चित्रात ठिपके किंवा चौकटी उमटतायत का बघा. मायनिंगला वापरलं होतं का ते सरळ विचारा, हो म्हणाले तर पंखे आणि थर्मल पॅड बदलायचा खर्च किमतीतून वजा करा. मूळ बिल मागा. आणि वॉरंटी नसेल तर त्याच ताकदीच्या नव्या कार्डाच्या निम्म्या किमतीच्या वर जाऊ नका, मेव्हणे असले तरी.