मुंबईत खालच्या डिव्हिजनमध्ये फुटबॉल खेळून पोट भरतं का?

नुसत्या लीगच्या पैशांवर नाही. खालच्या डिव्हिजनमधले बरेच क्लब प्रवासखर्च आणि थोडंफार मानधन देतात, करार झालाच तर मोसमापुरता.

मुंबईत फुटबॉलपटूचं घर चालत आलंय ते नोकरीवर. रेल्वे, बँका, एअर इंडिया, ओएनजीसी यांच्या टीम होत्या. सकाळी प्रॅक्टिस, मग ऑफिस, मॅच असली की कूपरेजचं मैदान. हा आधार आता बराच आटलाय. २००५-०६ची राष्ट्रीय लीग जिंकलेली महिंद्रा युनायटेडसुद्धा २०१० मध्ये बंद झाली, याचं मला आजही वाईट वाटतं.

तरी संतोष ट्रॉफीच्या, म्हणजे राज्यांच्या संघांमधल्या राष्ट्रीय स्पर्धेच्या, निवड चाचणीला जाच. राज्याकडून खेळल्याचं प्रमाणपत्र स्पोर्ट्स कोट्यातल्या भरतीत कामी येतं आणि रेल्वे अजून खेळाडू घेते. मूळ प्रत जपून ठेव.

गुडघा सांभाळ. टर्फवरच्या नाइट टूर्नामेंटमध्ये रोख पैसे मिळतात, पण वॉर्मअप न करता, थकल्या पायांनी खेळलं की लिगामेंट जातं. ऑपरेशननंतर मैदानावर परतायला नऊ-दहा महिने सहज लागतात, आणि तेवढा वेळ छोटा क्लब पैसे देत नाही. विमा आधीच काढ.

एआयएफएफचं (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं) डी लायसन्स, म्हणजे कोचिंगचा सुरुवातीचा परवाना, तोही खेळतानाच करून घे. शाळा-अकादमींत कोचिंगचं काम मिळायला सोपं जातं.