मुलगा रोज तीन-चार तास मोबाइलवर गेम खेळतो, हे व्यसन समजायचं का?

नुसत्या तासांवरून नाही. खेळ थांबवणं त्याच्या हातात उरलं नसेल आणि त्यापायी झोप, अभ्यास, मित्र सुटत चालले असतील, तर मात्र हो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात (१ जानेवारी २०२२ पासून लागू) 'गेमिंग डिसऑर्डर'ची नोंद आहे आणि तिच्यात तासांची मर्यादा दिलेलीच नाही. तिथं तीन गोष्टी एकत्र पाहतात:

- कधी आणि किती खेळायचं यावरचा ताबा सुटणं
- बाकी आवडी आणि रोजची कामं मागे पडून खेळच सगळ्यात महत्त्वाचा होणं
- नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहणं किंवा वाढणं

हे सहसा किमान १२ महिने दिसावं लागतं. लक्षणं तीव्र असतील तर निदान त्याआधीही होतं. त्यामुळे परीक्षा संपल्यावर आठवडाभर गेममध्ये बुडालेल्या मुलाला लगेच व्यसनी म्हणू नका, तो शब्द मुलांच्या फार जिव्हारी लागतो. पण निदानाला वर्ष लागतं म्हणून मदत घ्यायला वर्षभर थांबायचं कारण नाही. शाळा बुडत असेल, रात्रीची झोप उडाली असेल किंवा घरच्यांच्या खात्यातून गुपचूप पैसे जात असतील, तर आत्ताच मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. कधीकधी मुळाशी नैराश्य किंवा शाळेतला त्रास असतो, आणि नुसता फोन काढून घेतल्यानं तो तसाच राहतो. सरकारची 'टेलि-मानस' हेल्पलाइन १४४१६ वर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.